अबाधित प्रकरण

बाबांना त्यांच्या लेखनाबद्दल काही विचारायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा, हे थोरलीला लहानपणापासून ठाऊक. म्हणून तिने आठ दिवस चालढकल केली आणि आज, अगदी शेवटच्या दिवशी, लॅपटॉप काखेत मारून त्यांच्या खोलीत आली.

छोट्या वाचनालयांसाठीचं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं. कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं. त्याची माहितीपुस्तिका थोरलीने लिहिलेली, फक्त बॅकअपचं, म्हणजे नोंदींची राखीव प्रत काढून ठेवण्याचं प्रकरण बाबांचं. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. प्रकरण देतानाच त्यांनी बजावलं होतं, "माझ्या वाक्याला कोणी हात लावायचा नाही." घरात शांतता राहावी म्हणून तिनेही पुस्तिकेच्या वापराच्या अटी ठरवणारा असा परवाना शोधून काढला, ज्यात एखादा भाग 'अबाधित' ठेवता येतो. तेच आता अंगाशी आलं. असली सॉफ्टवेअरं गोळा करून जगभर पोचवणाऱ्या मंडळींनी कळवलं, की ज्याला हात लावता येत नाही ते मुक्त कसलं? आज संध्याकाळपर्यंत परवाना बदला, नाहीतर नव्या आवृत्तीत पुस्तिका नाही. म्हणजे तीन वर्षांची मेहनत पाण्यात. आणि बाबांचं प्रकरण गाळावं, तर त्यांनी जन्मभर अबोला धरला असता.

बाबांनी नवा परवाना वाचला, स्वल्पविरामागणिक थांबत.

"एका वाक्यात सांग."

"मूळ लेखकाचं नाव ठेवायचं, काय बदललं ते सांगायचं, आणि बदललेलं याच अटींवर पुढे द्यायचं."

"नाव ठेवतील की नावं ठेवतील?"

"दोन्ही, बाबा."

ते हसले नाहीत. "पण माझ्यात बदलण्यासारखं आहे काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने एका ग्रंथपाल बाईंचं आठ महिन्यांपूर्वीचं पत्र उघडून दिलं. बाबांनी लिहिलं होतं, 'आधी जुनी प्रत पुसा, मग नवी घ्या.' बाईंनी इमानेइतबारे तसंच केलं. जुनी प्रत पुसली, नवी घेताना संगणकाने मान टाकली, आणि सभासदांची अख्खी यादी त्यांना पुन्हा हाताने भरावी लागली.

बाबांनी स्वतःचं वाक्य तीनदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"आठ महिने?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं..."

"म्हणून लोकांचं वाटोळं होऊ दिलंस? अगं, जन्मभर मी केलं काय? दुसऱ्यांच्या वाक्यांना हातच लावला ना!"

"पण कुलूप तुम्हीच घातलंत."

"घातलं. गाढवपणा केला. पण किल्ली मागायला आठ महिने?"

थोरलीला एकदम रडू आलं आणि हसूही. एवढ्यासाठी आपण रात्ररात्र तळमळत होतो! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला मोकळं वाटलं. बाबांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं, 'माझी संमती आहे.' पूर्णविराम दिला, मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते वाक्य त्या बाईंनाच दुरुस्त करू दे. त्यांनी ते भोगलंय. आणि लेखकांत त्यांचं नाव माझ्या शेजारी घाल."