बर्फ खायच्या वेळचं गाणं

नेपल्सच्या आमच्या ऑपेरात दुय्यम गायिका गायला उभी राहिली, की सगळे प्रेक्षक उठून माझ्याकडे लिंबाचा बर्फ खायला येतात. तिचं गाणं ठेवतातच त्यासाठी! आज ते गाणं माझ्या भाचीच्या, एर्सिलियाच्या वाट्याला आलं होतं. सकाळीच ती फणकारली, "मावशी, मी गळा फोडायचा आणि तू माझे प्रेक्षक पळवायचे!"

मी पेले भरून दाराबाहेर तयार. आत वाद्यं सुरू झाली, तरी बाहेर चिटपाखरू नाही.

"मेले कुठे सगळे?" मी दारवान अनिएल्लोवर खेकसले.

तो दाराला कान लावून उभा होता. "गप गं बाई! ऐक जरा."

ऐकलं. पोरीचा आवाज असा चढत गेला, की माझ्या हातातला डाव हातातच राहिला. मग टाळ्यांचा कडकडाट! "पुन्हा! पुन्हा!" मी पेले तिथेच टाकून आत घुसले आणि सगळ्यांच्या वरताण ओरडले, "पुन्हा!"

एर्सिलियाने परत सूर लावला. तेवढ्यात एक जाडजूड सरदार माझ्या कानाशी कुजबुजला, "बाई, बर्फ मिळेल का?"

"वितळला," मी म्हटलं. "खाली बसा मुकाट्यानं. माझी भाची गातेय!"