गाडीखाली एक, स्टुलावर एक

आमच्या घराण्यात हात काळे न झालेला पुरुष अजून जन्मलेला नाही. माझे आजेसासरे लाकडी चाके घडवीत. सगळी वस्ती त्यांना चाकवाले म्हणे, आणि चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवताना ते कोणालाही जवळ उभे राहू देत नसत. माझे सासरे मालट्रक चालवीत आणि वाटेत बंद पडलेला ट्रक वाटेतच दुरुस्त करून घरी येत. पुढे नजर अधू झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरची एक खोली रिकामी केली, तिला रस्त्याच्या बाजूने मोठे दार काढले, आणि तेच आमचे गॅरेज झाले. माझ्या यजमानांनी त्या गॅरेजच्या फरशीवर पाठीवर पडून आयुष्य काढले. चौथा माझा मुलगा. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी घरात त्याला बाळ म्हणतात. ही हकीकत त्याच्या लिफ्टची आहे.

सासऱ्यांनी गॅरेजला एक नियम घालून दिला होता: काम दार लावून करायचे. कोणता नट सोडवायला किती वेळ लागला हे गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहून मोजू नये, असे त्यांचे म्हणणे. दुसरा नियम मी घातला. गाडीखाली एक माणूस असेल तर स्टुलावर दुसरा बसलाच पाहिजे.

हा दुसरा नियम उगाच आलेला नाही. बाळ कॉलेजात जाऊ लागला होता त्या वर्षी यजमान एका गाडीखाली असताना सांडलेल्या तेलावरून जॅक सरकला. बाळने विचार केला नाही. बंपरखाली पाठ दिली आणि शेजारचे सुतार धावत येईपर्यंत गाडी तशीच तोलून धरली. यजमानांच्या दोन बरगड्या मोडल्या. त्यानंतर ते भरपूर जगले आणि आपल्या अंथरुणात गेले. बाळची पाठ मात्र पुन्हा सरळ झाली नाही. तो चालतो तेव्हा पाहणाऱ्याला वाटावे, याचे काहीतरी जमिनीवर पडले आहे आणि तो ते शोधतो आहे. सुतार त्याला थट्टेने कमान म्हणतात. त्यांना तो अधिकार आहे.

यजमान कोणाचे काही अंगावर ठेवणारे नव्हते. बाळ भिंत धरून उठताना दिसला की ते म्हणत, "हे माझ्यावर तुझं राहिलंय, बाळ. काय देऊ, सांग." बाळ म्हणे, "पुढे बघू, आप्पा." त्याला दूरच्या गावी शिकायला पाठवायचे ठरवले, तेव्हा पुढे बघू. आपली गाडी त्याच्या नावावर करायला निघाले, तेव्हा पुढे बघू. असे पुढे पुढे बघता बघता यजमान गेले आणि ते देणे घरातच राहिले.

यजमानांसाठी मी स्टुलावर बसत असे, त्यांच्यामागे बाळसाठी बसू लागले. सून कचेरीत जाते. तिला दिवसा बसता येत नाही. मी शेंगा सोलते, उसवलेले टाके घालते, आणि अधूनमधून खाली हाक मारते. उत्तर आले की पुढचा टाका. हे काम दिसायला काहीच नाही. पण इतकी वर्षे दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून बसलेल्या माणसाला विचारा, थकवा कशाला म्हणतात ते. आता गुडघे वाकत नाहीत आणि जिना उतरताना मला कठड्याशी बोलणी करावी लागतात.

एका दुपारी मी हाक मारली आणि खालून उत्तर आले, "आई, जरा थांबतो." मी थांबले. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. मग त्याने हळूच सांगितले की त्याला हलता येत नाही. मला खाली बसता येत नव्हते आणि त्याला वर उठता येत नव्हते. सून कचेरीतून येईपर्यंत आम्ही दोघे भाजीच्या दरापासून ते त्याच्या लहानपणच्या गोवरापर्यंत सगळे बोलून घेतले, आणि शेवटी काही न बोलता बसलो. मी बसले, तो पडला, असे म्हणायला हवे. सुनेने चाकांच्या फळीसकट त्याला ओढून बाहेर काढले, हात धुतले आणि सांगितले की आता एकतर लिफ्ट येईल, नाहीतर गॅरेजला कुलूप लागेल. डॉक्टरांनी निराळे काही सांगितले नाही. फरशीवर पडायचे नाही, वाकून काम करायचे नाही. उभ्याने जमेल तेवढे करावे.

बाळला दुसरे काही येत नाही. कुलूप लागले असते तर तो दारासमोरच्या पायरीवर बसला असता आणि जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून कोणाचे काय बिघडले आहे ते मनात म्हणत राहिला असता. असे बसलेले पुरुष मी पाहिलेले आहेत. ते फार दिवस बसत नाहीत.

मग लिफ्टची निवड सुरू झाली आणि तिने आम्हा तिघांचा पिट्ट्या पाडला. लिफ्ट विकणारा गृहस्थ येऊ लागला. त्याचे बोलणे इतके गोड की ऐकताना मी कमरेच्या किल्ल्या चाचपून पाहत असे. त्याला बाळच्या गळ्यात दोन खांबांची लिफ्ट मारायची होती. ती गाडीला पोटाखालून उचलते, चाके मोकळी लोंबतात, काम सोपे होते. पण तिचे दोन खांब जमिनीत खोल रोवावे लागतात आणि आमची फरशी सासऱ्यांच्या हातची; तिच्याखाली काय आहे ते सासऱ्यांनाच ठाऊक. चार खांबांची लिफ्ट नुसत्या सपाट जमिनीवर उभी राहते. गाडी आपल्या चाकांवर दोन लांब पट्ट्यांवर चढते आणि पट्ट्यांसकट वर जाते. मी त्याला एवढेच विचारले की वर गेलेली गाडी कोण धरून ठेवतो.

तो म्हणाला, "आजी, चारही खांबांत खटके असतात. तेलाचा दाब गेला तरी गाडी खटक्यांवर बसते. खाली माणूस झोपला तरी चालेल."

"आमचा झोपून झाला आहे," मी म्हणाले. "आता उभा राहायचा आहे."

चार खांब ठरले. बाळने लांबी मोजली, रुंदी मोजली, खांबाशेजारून माझे स्टूल जाईल का तेही पाहिले. छताची उंची मोजली. गाडी वर, तिच्याखाली बाळ उभा, आणि गाडीच्या टपावर वीतभर जागा. गृहस्थाने पुन्हा मोजून मान डोलावली. सुनेने सुटकेचा श्वास सोडला. मी नेहमीप्रमाणे स्टुलावर होते. स्टुलावरून समोर दारच दिसते, आणि इतकी वर्षे तेच पाहत आल्यामुळे मला एक शंका आली.

"गाडी वर असताना इंजिन चालू करून खालून ऐकशील ना?"

"ते तर पहिलं काम, आई."

"धूर?"

"दार उघडू की."

"आणि उघडलेलं दार कुठे जातं?"

तिघांनीही माना वर केल्या. आमचे दार वर सरकते आणि छताखाली हातभर अंतरावर आडवे होऊन राहते. आयुष्यभर दार लावून काम करणाऱ्या माणसांनी दार लावूनच उंची मोजली होती. उघडे दार आमच्या हिशेबात कधी आलेच नव्हते. सासऱ्यांचा नियम त्यांच्या पणतवंडांपर्यंत पुरणार असे दिसले.

गृहस्थाने गुंडाळून वर जाणारे शटर सुचवले. पण गुंडाळीचे भेंडोळेही कुठेतरी राहणारच, आणि बाळने हिशेब केला तर चार बोटांचीही जागा सुटेना. तो फरशीवर खडूने रेघा ओढत राहिला, पुसत राहिला. संध्याकाळी त्याने जाहीर केले की बुटकी लिफ्ट घेऊ. तीही चार खांबांचीच, फक्त कमी उंच जाणारी. खाली चाकांच्या स्टुलावर बसून मान वर करून काम होईल.

"डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय," सून म्हणाली.

"डॉक्टर काय, काहीही सांगतात. त्यांना छत कुठे माहितीय."

तो आत गेल्यावर सून भांडी आवरू लागली. ती भांडी वाजवत नाही. राग आला की उलट फारच हळू ठेवते. मी तिला म्हणाले की जे काही पोटात आहे ते बाहेर काढ.

"काय काढू, आई? छत म्हणजे तुमच्या खोलीची जमीन. वरची खोली नसती तर उंचीचा प्रश्नच नव्हता. हे सगळं यांना पहिल्या दिवसापासून माहितीय. पण यांच्या तोंडून तुमच्या खोलीचं नाव निघायचं नाही. मान मोडून घेतील, पण नाव काढायचे नाहीत."

मी जिना चढून खोलीत आले आणि पलंगावर बसले. त्या खोलीत मी लग्न होऊन आले. बाळ तिथेच जन्मला, यजमान तिथेच गेले. तिच्या खिडकीतून सगळा रस्ता दिसतो; कोण कधी घरी आले, कोणाकडे कोण आले, कोणाचा नळ वाहतो आहे, हे सर्व मी तिथून पाहिले आणि गरजेप्रमाणे खडसावले. खिडकीतली मी नसले तर हा रस्ता कसा वागेल याची मला खात्री नाही. खालची मागची खोली मी मनात आणून पाहिली. तिच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. मला फार दमल्यासारखे झाले. वाद घालायला समोर कोणी असते तर बरे वाटले असते.

सकाळी मी शेजारच्या सुतारांना बोलावणे पाठवले. तेही आता काठी घेऊन चालतात. पण माणसे हाताखाली आहेत आणि आवाज शाबूत आहे. माझ्या खोलीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली आहे. ती पूर्ण काढता येईल का, भिंतींना काही होणार नाही ना, हे मी विचारले. त्यांनी काठीने एकेक तुळई ठोकून पाहिली. भिंती कडेच्या दोन तुळयांवर तोलून राहतील, बाकीच्या काढता येतील, असे त्यांनी सांगितले.

"वहिनी, या वयात राहती खोली मोडायला निघालात?"

"तुम्हाला कामाचं विचारलंय, वयाचं नाही."

बाळ आवाज ऐकून वर आला. दारातच थांबला. खोली पाहिली, सुतार पाहिले, आणि त्याला सगळे कळले.

"आई, हे नको. बुटकी लिफ्ट सांगितलीय मी. चालेल मला."

"तुला काय चालेल हे मी विचारलेलं नाही."

"तू कुठे राहशील?"

"मागच्या खोलीत. तिथे जिना चढावा लागत नाही. माझ्या गुडघ्यांचाही विचार कधीतरी कोणी केला पाहिजे, मीच केला."

तो जमिनीकडे पाहून म्हणाला की आप्पा या खोलीत गेले. मी म्हणाले की म्हणूनच.

"जाताना ते काय बोलले, तुला ठाऊक आहे. तुझं राहिलंय म्हणाले. तू तेव्हाही पुढे बघू म्हणालास. बाळ, मी आता पुढे बघू शकत नाही. माझ्यापुढे फार काही उरलेलं नाही. त्यांचं देणं माझ्याकडे आलंय आणि मला ते मागे ठेवून जायचं नाही."

सुतारांनी काठीवर हनुवटी टेकली. "कमान," ते म्हणाले, "आईशी वाद घालून या रस्त्यात आजवर कोण जिंकलंय?"

फळ्या निघाल्या. पलंग खाली गेला, कपाट गेले, यजमानांचा फोटो माझ्या हातातून गेला. मी काम पाहायला थांबले नाही. मागच्या खोलीत बसून फक्त खिळे उपटल्याचा आवाज ऐकला. प्रत्येक खिळ्यागणिक मला काही वाटले असे म्हणणे खोटे ठरेल. काही खिळ्यांना वाटले.

लिफ्ट आली, उभी राहिली. आडव्या होणाऱ्या दाराच्या जागी गुंडाळून जाणारे शटर बसले आणि त्याचे भेंडोळे आता वर, माझ्या खिडकीखाली मावले. ज्या दिवशी पहिली गाडी चढवायची होती त्या दिवशी मी सवयीने स्टुलावर जाऊन बसले. दार उघडे होते. सासऱ्यांचा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. बाळने बटण दाबले. गाडी चाकांवर उभी राहून संथपणे वर जाऊ लागली. खटके एकामागून एक बसत गेले. ती माझ्या खोलीत शिरली. माझ्या भिंतींचा फिका निळा रंग तिथे अजून होता, फोटोचा खिळा होता, आणि माझ्या खिडकीतून येणारे ऊन गाडीच्या टपावर पडले. जिथे माझ्या पलंगाचे उसे असे तिथे आता तिचा दिवा होता.

शेवटचा खटका बसल्यावर बाळ खाली गेला. उभा राहिला. दोन्ही हात वर घेऊन त्याने इंजिनाच्या तळाला हात लावला, आणि हात वर ताणल्याने त्याची पाठही वर येत गेली. अगदी सरळ नव्हे. पण तो इतका उंच आहे हे मी विसरले होते. यजमानांपेक्षा उंच. सून पदराने चष्मा पुसू लागली.

मी नेहमीसारखी हाक मारली.

"आहे, आई," तो म्हणाला. मग वर पाहतच म्हणाला, "तू आता इथे नाही बसलीस तरी चालेल. खटके आहेत."

"दिसतंय मला." मी काठी घेऊन उठले. उठायला वेळ लागला. "आप्पांचं काही राहिलंय का तुझं? आत्ताच सांग. मी मागच्या खोलीत गेले की पुन्हा विचारायला येणार नाही."

त्याने हात खाली घेतले नाहीत.

"काही राहिलं नाही," तो म्हणाला. "पुरतं फिटलं."