रंगावर चिकटवलेली पट्टी

भिंतीला भेग पडली ती भूकंपाच्या धक्क्याने. ताई आणि तिच्या धाकट्या भावाचं फाटलं होतं ते त्याच्या कितीतरी आधी. पण भिंतीचं काम ताईकडूनच करून घ्यायचं, असा बाबांनी हट्ट धरला आणि भावाला तिच्यासाठी दार उघडावं लागलं.

विटांच्या भिंती मजबूत करणं हाच ताईचा धंदा. कार्बनच्या धाग्यांच्या काळ्या पट्ट्या रेझिनने भिंतीला चिकटवायच्या. रेझिन वाळलं की भिंत हादरली तरी विटा सहसा सुटत नाहीत. फक्त आधी रंग आणि गिलावा खरवडून वीट उघडी करायची, कारण पट्टीने विटेलाच धरलं पाहिजे.

तिने घासायचं मशीन बाहेर काढलं आणि भाऊ आडवा आला.

"गिलाव्याला हात लावायचा नाही. रंग आत्ताच दिलाय. त्यावरच चिकटव."

"धरणार नाही."

"तुला माझं घर उकरायचंय, दुसरं काही नाही! लग्न होऊन गेलीस तरी हुकूम इथेच. पाहुणीसारखी ये, काम कर आणि नीघ."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नीट समजावायला दोन वाक्यं पुरली असती, पण तिने ती गिळली. भोग मग आपल्या कर्माची फळं, असं मनात म्हणत तिने रंगावरच रेझिन फासलं, पट्ट्या ताणून बसवल्या, रोलर फिरवून एकूण एक बुडबुडा काढला. काम इतकं देखणं झालं की भाऊसुद्धा नाक मुरडायला विसरला.

रेझिन वाळल्यावर ती सामान न्यायला आली, तर आतल्या खोलीतली बाबांची खाट बाहेरच्या खोलीत त्याच भिंतीला लावलेली. बाबा पट्टीला पाठ टेकून ऐटीत बसले होते.

"मीच हलवायला लावली," ते म्हणाले. "धक्का बसल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता गं. आता लेकीच्या हातची भिंत म्हटल्यावर घोर मिटला."

"झालं ना कौतुक?" भाऊ दारातून म्हणाला. "नीघ आता."

खरं सांगितलं तर हा जन्मभर उगाळत बसणार, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने पिशवीतून छिन्नी काढली.

"बाबा, उठा तिथून."

पट्टीच्या टोकाखाली छिन्नी घालून तिने हिसका दिला. रंगाचा अख्खा पापुद्रा घेऊन पट्टी टराटरा सुटली. मागे भेग होती तशीच होती.

"बघितलंत? मुद्दाम केलं हिने!" भाऊ कडाडला.

"रंगावर चिकटव कोण म्हणालं?"

बाबांनी हात वर केला.

"लावतानाच ठाऊक होतं तुला?" त्यांनी ताईला विचारलं.

"हो."

"आणि मी खाट इथे आणली नसती तर?"

ताईने छिन्नी पिशवीत टाकली.

बाबांनी उशी काखेत मारली. "खाट आत ने," ते मुलाला म्हणाले. ताई दुसरी बाजू धरायला पुढे झाली.

"तू नको," बाबा म्हणाले.

ताईने मशीन चालू केलं. गिलाव्याच्या धुळीने खोली भरून गेली, पण या वेळी आडवं कोणी आलं नाही.