कॉलरचा वास

मुलाखतीहून आल्या आल्या लेकीने नवा कोट काढला, घडी घातली आणि आला होता त्याच पिशवीत सरकवला. किमतीची चिठ्ठी तिने तोडलीच नव्हती. दिवसभर बाहीत खोचून ठेवली होती.

"परत पाठवतेय. आवडला नाही, असं कळवायचं. त्या पैशांत चपला येतील."

"अगं, आरशासमोरून हलत नव्हतीस की!" मी म्हटलं.

"आई, सगळे हेच करतात. एवढं अवाढव्य ऑनलाइन दुकान, त्याला ना तोंड ना दार. कुणाचं काय बिघडतंय?"

कोपऱ्यावरचा कापडवाला पूर्वी म्हणायचा, घरी नेऊन बघा. वापरलेलं परत न्यायची कुणाची छाती नव्हती. रोज त्याच्याच दारावरून जायचं होतं ना! आता वस्ती एवढी फुगलीय, की समोरच्या दारातल्या बाईचं नावही मला ठाऊक नाही.

धाकटी जाऊ शेंगा सोलत होती. त्याच दुकानाच्या गोदामात परत आलेले कपडे तपासायचं तिचं काम. तिथे कपडा आधी हुंगतात, मग बघतात. तिने हात पुसले, पिशवीतला कोट काढला आणि सवयीने कॉलर नाकाशी धरली.

"फार घाबरली होतीस ना गं?"

लेक चपापली. "काकू, तुला कसं कळलं?"

"घाम सांगतो. असू दे. माझ्या टेबलावर आला, तर नवा म्हणून सोडीन हो."

"मग झालं तर!"

"झालं कसलं?" मला राहवेना. "मागे हिने असाच एक झगा सोडला. खांद्याला दुधाचा वास होता. हिला वाटलं, बाळंतीण असेल बिचारी. पुढच्या गिऱ्हाइकाने तक्रार केली. आता आणखी एक आली, की हिला घरी बसवणार."

"जाऊबाई, पोरीला कशाला ते!"

लेकीचा चेहरा उतरला. "आणि दुसरीच्या टेबलावर गेला तर?"

"तिलाही याच नोकरीवर घर चालवायचंय की," जाऊ म्हणाली.

लेकीने तिच्याकडून कोट घेतला.

"काकू, हा वास जातो कशाने?"

"साबणाच्या पाण्याने. पण मग तो परत जायचा नाही हं."

"माहीत आहे." ती बादली भरायला उठली.

"अगं वेडाबाई, कोट बुडवतात का कधी!" मी म्हटलं. " आण इकडे, ओल्या फडक्याने पुसते. आणि चपला दे तुझ्या, टाके घालते."