मोकळ्या ओळी

लेखक मंडळींना एंटरचं बटण फुकट मिळालंय, असं माझं ठाम मत आहे. एक वाक्य लिहायचं आणि मग ते बटण बडवत बसायचं, म्हणजे पान भरल्याचं समाधान. माझ्या टायपिंगच्या दुकानात मी नाटकांच्या संहिता नीट मांडून देते. पात्राचं नाव डावीकडे ठळक, संवाद त्याच्यासमोर, रंगसूचना कंसात तिरप्या अक्षरांत, नवा प्रवेश नव्या पानावर. नाटक कसं आहे ते मला विचारू नका, पण माझ्या पानावर नटाचा डोळा अडखळत नाही.

म्हणून वहिनीनं स्वतःचं नाटक आणून दिलं, तेव्हा मी आधी त्यातल्या सगळ्या मोकळ्या ओळी एका फटक्यात काढून टाकल्या. नाटकात पात्र एकच, आई. स्वयंपाकघरात हात चालू, तोंडही चालू. वहिनीचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला. आमचा बुटक्या. दाराची चौकट डोक्याला लागायची, म्हणून बुटक्या. तेव्हापासून वहिनी कुणाशी धड बोलत नव्हती, आणि आता तिनं सबंध नाटक लिहिलं होतं. एका दिग्दर्शकानं नुसता विषय ऐकून ते वाचनाला घेतलं होतं. वाचन रंगलं तर प्रयोग होणार होता आणि त्या निमित्तानं बाई माणसांत येणार होती. मला तेवढंच हवं होतं.

छापील प्रत घ्यायला ती दुपारी दुकानात आली. पानं उलटत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"बुटक्या कुठंय?"

"नाटकात तो होताच कुठे, वहिनी? सगळी आईचीच वाक्यं आहेत."

"मधे होता ना तो!" ती ओरडली. "मी विचारते, तो सांगतो, मग मी पुढचं विचारते. मधली जागा त्याची होती."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मी लिहिलं की ते माझं झालं. मला त्याचं हवंय. वन्सं, आता तो तेवढाच बोलतो माझ्याशी. दुसरीकडे कुठेच नाही."

जुनी फाइल उरली नव्हती. एका नाटकाची एकच प्रत ठेवायची, जुनी पुसून टाकायची, नाहीतर नट वेगवेगळी पानं घेऊन तालमीला येतात, हा माझा खाक्या. तिच्याकडेही पेनड्राइव्हवरची तेवढीच फाइल होती, आणि मी तिच्यावरच सेव्ह केलं होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तिला खुर्ची दिली आणि शटर अर्धं ओढलं. मी आईचं वाक्य मोठ्यानं वाचायचं, वहिनीनं मान तिरकी करून ऐकायचं आणि जागा सांगायची.

"इथे एकच ओळ. 'हं' म्हणतो नुसता."

मी टाइप केलं, मुलगा, आणि पुढे मोकळी ओळ.

"इथे बरीच सोड. बुटांवरून वाद घालतोय."

मी सोडली. सुरुवातीला मला तिची कीव येत होती. मग एका ठिकाणी ती फुटून हसली, आणि मी काय झालं म्हणून विचारणार, तेवढ्यात मीसुद्धा हसले. कशाला हसले, देव जाणे. त्यानंतर मात्र अर्ध्या उघड्या दाराकडे माझी पाठ होती ती मला सहन होईना. मी खुर्ची वळवून घेतली.

पहिल्या अंकाच्या शेवटी आई विचारते, "किती वाजता येशील?" मग मुलाचं उत्तर. मग आई म्हणते, "बरं. दार ओढून घे." त्या दोघांचं खरंखुरं शेवटचं बोलणं ते. मी वाचलं आणि थांबले.

वहिनी ऐकत राहिली. मी पुन्हा वाचलं. पुन्हा.

"काहीच येत नाहीये," ती म्हणाली. "त्या दिवशी काय म्हणाला ते आठवतच नाही. लिहिताना तेवढं आलं होतं गं. आता नाही येत."

"किती ओळी होत्या, एवढं तरी?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. मी अंदाजानं एक ओळ सोडली. मला स्वतःची इतकी चीड आयुष्यात आली नव्हती.

वाचन शनिवारी संध्याकाळी होतं, तालमीच्या हॉलमध्ये. आईचं काम करणारी नटी मोठी जाणती बाई. दिग्दर्शकानं तिला बजावलं, "मुलाचं नाव आलं की थांबायचं. जागा मोठी असेल तर जास्त थांबायचं." ती थांबत गेली. चहाचे कप खाली ठेवायचंही कुणाला सुचेना. वहिनी माझ्या शेजारी होती. प्रत्येक मोकळ्या जागेत तिचे ओठ हलत होते.

अंकाचा शेवट आला. नटीनं विचारलं, "किती वाजता येशील?"

एकच ओळ होती, पण नटी थांबली ती थांबलीच. दिग्दर्शकानं मान वर केली. वहिनीचे ओठ मिटलेले होते. मग नटीनं दाराकडे पाहिलं, तिच्या कपाळावरची आठी गेली, आणि निश्चिंत झालेल्या बाईच्या आवाजात ती म्हणाली, "बरं. दार ओढून घे."

"क्या बात है!" दिग्दर्शक खूश. "प्रयोग करायचा. दहा मिनिटं सुट्टी."

वहिनी तीरासारखी नटीकडे गेली. ना ओळख, ना नमस्कार.

"किती वाजता म्हणाला?"

नटीला वाटलं, लेखिका कामाबद्दल विचारतेय. ती मोकळेपणानं म्हणाली, "आठ. का कोण जाणे, पण मला आठच ऐकू आलं."

वहिनीनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेसात होत आले होते. तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेली घाई होती, गृहिणीची, साधी.

"अगंबाई! मग मला घरी निघायला हवं," ती म्हणाली, आणि तिनं पर्स उचलली.

तिला अडवायला मी उठले. खरंच उठले. पण दारापाशी पोचेपर्यंत मीही घड्याळ पाहिलं होतं, आणि तिच्यामागून चपला घालताना मी तिला एवढंच म्हणाले, "वहिनी, रिक्षा करू या. पोचू आपण."