एकोणीस आठ

चौकशी समितीच्या अध्यक्षबाईंनी नोंदवहीचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, की अक्षर तुमचंच ना. माझंच होतं. माझ्या आठाची शेपटी कायम खालच्या ओळीत घुसते. त्या पानावर असे एकोणीस आठ होते, एकाखाली एक. शेवटचा टिटवीचा.

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात मी बावीस वर्षं दारावर बसते. आधी नुसत्या किल्ल्या सांभाळायचे, वही दुसरी बाई लिहायची. ती गेली तेव्हा अधीक्षिकाबाई म्हणाल्या, लिहिता येत असेल तर राहा. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. मुलींनीच मला जिन्यात बसवून अक्षरं शिकवली. पण हात सावकाश चाले, रांग फाटकापर्यंत जाई, आणि मुली छळत, की मावशी, आम्ही उद्याच जेवायचं का? मग मी युक्ती काढली. दार आठला बंद व्हायचं. सगळ्या आत आल्या की सगळ्यांच्या नावांपुढे एकदमच आठ लिहून टाकायचे. उशिरा येणारीलाही आठच. तीनदा उशीर झाला की घरी पत्र जाई. आमच्या डोंगरातल्या मुलीच्या घरी पत्र गेलं, की पाठोपाठ बाप येई आणि ट्रंकेसकट तिला घेऊन जाई. माझ्या खोट्या आठांनी अशा किती ट्रंका जागेवर ठेवल्या, ते मलाच ठाऊक.

आमच्या म्हटलं, पण मीही आदिवासी, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा डोंगरातल्या बाईच्या हाती किल्ल्या देत नसत. मी दुसरंच गाव सांगितलं. टिटवीने मात्र पहिल्याच महिन्यात पकडलं. काटकुळ्या पायांनी सारखी धावायची म्हणून मुलींनी तिला हे नाव ठेवलेलं. एकदा पायावर बादली आदळली आणि माझ्या तोंडून घरची शिवी गेली. ही जिन्यावरून वाकून आमच्याच भाषेत म्हणाली, "मावशी, एवढी जुनी शिवी तर आता माझी आजीसुद्धा देत नाही."

भाषाविभागातला एक संशोधक आमच्या लोकांची गाणी गोळा करायचा. टिटवी त्याला शब्दांचे अर्थ सांगायला जायची. त्या दिवशी ती सव्वानऊला परतली, भिंत धरून. एका पायात चप्पल नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, पडले. मी पाणी दिलं आणि तिच्या नावापुढे आठ लिहिला. वाटलं, पोरीला वाचवलं.

काय झालं होतं ते तिने मला दुसऱ्या दिवशी आमच्या भाषेत सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने तक्रार दिली. साडेआठ वाजता, त्याच्या खोलीत, त्याने. आणि वही सांगत होती, की आठला पोरगी वसतिगृहात होती.

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर टिटवी आणि तिची आई बसल्या होत्या. आत शिरण्याआधी अधीक्षिकाबाईंनी मला गाठून समजावलं होतं, की अक्षर माझं, एवढंच म्हणा आणि बाहेर या. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. मी मान हलवली होती. पण हातातला किल्ल्यांचा जुडगा गप्प बसेना. कुलसचिव म्हणाले, मावशी, ते जरा टेबलावर ठेवा. ठेवला. मग पाय हलायला लागला.

काल टिटवी दोन वाक्यं बोलली आणि मग जमिनीकडे बघत राहिली, असं कारकुनाने वाचून दाखवलं. कुलसचिवांनी एक पत्र तयारच ठेवलं होतं. मुलीने परीक्षेपर्यंत घरी विश्रांती घ्यावी, तिच्याच भल्यासाठी. माणूस वाईट नव्हता. तिला पोचवायला स्वतःची गाडी देणार होता.

अध्यक्षबाईंनी विचारलं, की तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारं कुणी नाही का?

कुलसचिव चष्मा पुसू लागले. "विद्यापीठात ती भाषा येणारा माणूस एकच आहे. तक्रार त्याच्यावरच आहे."

कारकुनाचं पेन थांबलं.

"दोघं आहेत," मी म्हटलं. "मला येते. आणि बाई, अक्षर माझं आहे, वेळ खोटी आहे. ती सव्वानऊला आली."

असं किती दिवस लिहिताय, बाईंनी विचारलं. अकरा वर्षं, मी सांगितलं. कुलसचिव म्हणाले, मग आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

"नका ठेवू. तिला विचारा, तिच्या भाषेत. पण तिला घरी पाठवू नका. जायचं तर त्याने जावं."

मग अध्यक्षबाई कारकुनाला एकेक सांगू लागल्या. मी साक्षीदार, म्हणून दुभाषी मी नको. डोंगरातल्या शाळेतली शिक्षिका बोलवायची. चौकशी होईपर्यंत संशोधकाने विभागात पाऊल ठेवायचं नाही, खोलीला कुलूप. मुलगी वसतिगृहातच राहील. कुलसचिवांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली. शेवटी माझं. उद्यापासून दारावर दुसरी बाई. बरोबरच होतं. जुडगा टेबलावरच होता, तो मी उचलला नाही.

बाहेर येऊन मी टिटवीच्या आईला सगळं आमच्या भाषेत सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तू कुणाची गं?"

मी बापाचं नाव सांगितलं. बावीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी शेवटची वही लिहिली. ज्या मुलीची जी वेळ, तीच. रांग फाटकाबाहेर गेली. एकही मुलगी जेवणाचं बोलली नाही. आईला गावच्या एसटीत बसवून टिटवी सगळ्यात शेवटी आली आणि माझा आकडा पुरा होईपर्यंत समोर उभी राहिली. सात वाजून अठ्ठावीस मिनिटं. आठाची शेपटी याही वेळी खालच्या ओळीत गेली. ती ओळ आता दुसरी बाई लिहिणार होती.