पुण्याचे पाहुणे येण्याआधी

यज्ञेश्वरराव करंबेळकर बँकेतून निवृत्त झाले आणि पाहुण्यांना जुन्या उज्जैनात खाऊ घालत हिंडवू लागले. या कामासाठी त्यांनी लाल शिंदेशाही पगडी करून घेतली होती. पूर्वज दरबारात साधे कारकून होते आणि कारकुनाला असली पगडी कुणी घालू दिली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण टक्कल झाकलं जायचं आणि फोटो बरे यायचे.

"या गल्ल्यांतून मी तुम्हांला डोळे बांधून नेईन," असं ते छत्री चौकात पोह्यांच्या गाडीपाशी हटकून म्हणत. त्या रविवारीही म्हणाले. समोर नाशिकच्या निवृत्त शिक्षिका अहल्याबाई, त्यांचा मुलगा तुषार आणि सून इशिता. पोहे-जलेबी झाली, कचोरी झाली. आता मावाबाटी ही खव्याची मिठाई खायला जायचं होतं. पण ज्या पिवळ्या घरापाशी वळायचं, ते घर रस्ता रुंद करताना पाडलं गेलेलं. यज्ञेश्वरराव अंदाजाने वळले. मग आणखी एकदा वळले. डोळे उघडे ठेवूनही ते सपशेल चुकले होते.

"ही म्हैस मघाशीही भेटली होती का?" अहल्याबाईंनी विचारलं.

"इथे म्हशी फार," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि दिसेल त्या गल्लीत शिरले.

गल्लीच्या टोकाला मांडव होता. तुपाचा घमघमाट सुटला होता. पगडी दिसताच एक गृहस्थ हात जोडून धावत आले. "पधारिए, पधारिए! कब से आपकी राह देख रहे हैं!"

दुसरा कुणी असता तर दचकला असता. यज्ञेश्वररावांना मात्र वाटलं, आपली कीर्ती अखेर या गल्लीतही पोचली! कपाळाला टिळा लागला, अंगावर गुलाबपाणी उडालं, चौघांना पहिल्या पंगतीत बसवलं. पानात दाल-बाफले आले. यज्ञेश्वररावांचं सुरू झालं, "हा बाफला आधी पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांवर भाजतात आणि मग तुपात बुडवतात."

"एवढी सरबराई रोज करतात ही मंडळी?" इशिताने हळूच विचारलं.

"घरच्यासारखे संबंध आहेत," यज्ञेश्वररावांनी ठोकून दिलं. यजमानांचं नाव अनिल जोशी, हे त्यांना पाठीमागच्या फलकावरून नुकतंच कळलं होतं.

मग जरीच्या साडीतली एक मुलगी येऊन त्यांच्या पाया पडली. अनिलजी शेजारी बसले. "काका साहब, एक बात सबके सामने साफ हो जाए। हमारी भार्गवी शादी के बाद नौकरी नहीं छोड़ेगी। आपको ऐतराज तो नहीं?"

आता तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण कुणी मत विचारलं की यज्ञेश्वररावांना बाकी काही सुचतच नसे. ते उठून उभे राहिले. "ऐतराज? अजी, मेरी पत्नी विजया ने तीस साल स्कूल में पढ़ाया। नौकरी क्यों छोड़े? बिलकुल नहीं छोड़ेगी!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. भार्गवीचे डोळे भरून आले. यज्ञेश्वररावांचेही आले, स्वतःच्याच भाषणाने.

टाळ्या थांबतात तोच दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. भारदस्त मिशांचे एक गृहस्थ उतरले. "आम्ही पुण्याहून आलो. नवऱ्या मुलाचा, रोहनचा काका, प्रभाकर. वाटेत टायर फुटला."

सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पगडीकडे. यज्ञेश्वररावांनी ती काढून हातात घेतली. "अनिलजी, मैं किसी का काका नहीं हूँ। रास्ता भूला हुआ गाइड हूँ। माफ कीजिए।"

अनिलजींचा चेहरा पडला. नोकरीचा सगळा प्रकार कळल्यावर प्रभाकरकाकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्यावर आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. हे कोण परस्पर हो म्हणणारे?"

तेव्हा भार्गवीच म्हणाली, "काका जी, इन्होंने तो गलती से कहा। पर मैंने पापा से यह बात सोच-समझकर कहलवाई थी।"

तेवढ्यात रोहनची आई पुढे आली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "भावजी, मलाही हेच म्हणायचं होतं. तुमच्यापुढे धीर होत नव्हता. यांनी बोलून टाकलं, बरं झालं."

प्रभाकरकाका घुश्शातच पानावर बसले. दोन बाफले खाल्ल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "हे उकडून भाजतात की नुसतंच भाजतात?" सगळ्यांनी यज्ञेश्वररावांकडे पाहिलं. तोंड बंद ठेवायचं, असं त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी ठरवलं होतं. ते उकडण्यापासून सुरू झाले आणि गोवऱ्या कशा रचाव्यात इथपर्यंत गेले. शेवटी प्रभाकरकाकांनीच, "नोकरी करू दे मुलीला, पण यांना आवरा," म्हणून हात जोडले. अनिलजींना हसू फुटलं आणि मांडव मोकळा झाला.

लग्नाचं आमंत्रण यज्ञेश्वररावांना दोन्हीकडून आलं. विजयाबाईंनी बजावलं, "तिथे तोंड फक्त जेवायला उघडा." यज्ञेश्वररावांनी ते पाळलं, निदान वाढायला सुरुवात होईपर्यंत.